भूल उतरताना मांजराजवळ कोण बसणार?

वाचकांचे प्रश्न, पशुवैद्यांची उत्तरे

प्रश्न : आमची मनी नऊ वर्षांची, वजन सव्वाचार किलो. तोंडाला वास येतो आणि डाव्या दाढांवर तपकिरी थर चढलाय. डॉक्टरांनी भूल देऊन दात साफ करायला सांगितलंय. एरवी ती ठणठणीत आहे. एवढ्याशा कामासाठी भूल दिली आणि ती शुद्धीवरच आली नाही तर? या धास्तीनं दोनदा तारीख पुढे ढकलली. भूल न देता दात साफ करून मिळतात म्हणे. तसं करावं का?

उत्तर : नाही, ते करू नका. जागं मांजर तोंड उघडून पडून राहत नाही, त्यामुळे दाताची बाहेरून दिसणारी बाजू तेवढी खरवडली जाते. आजार असतो हिरडीच्या आत. निरोगी मांजरात दात आणि हिरडी यांच्यामधली फट अर्धा ते एक मिलिमीटर असते. ती वाढलीय का, हे प्रत्येक दाताभोवती बारीक सळई फिरवूनच कळतं. शिवाय मांजरांचे दात हिरडीच्या कडेला आतून झिजत, विरघळत जातात. हा प्रकार खूप आढळतो, भयंकर दुखतो आणि एक्स-रेशिवाय पुष्कळदा दिसत नाही. वरून पांढरेशुभ्र दात आणि खाली सडलेलं मूळ, असं मांजर पुढे कित्येक महिने मुकाट दुखणं सोसत राहतं. मांजर दुखतंय म्हणून खाणं सोडेलच असं नाही, म्हणून ‘जेवते तर आहे’ यावर विसंबू नका.

आता धास्तीबद्दल. ब्रिटनमध्ये २००२ ते २००४ या काळात सुमारे ७९ हजार मांजरांच्या भुलीच्या नोंदी तपासल्या गेल्या. निरोगी मांजरांत भुलीशी संबंधित मृत्यूचं प्रमाण ०.११ टक्के, म्हणजे साधारण नऊशेंत एक निघालं. आजारी मांजरांत ते १.४ टक्के होतं. दगावलेल्यांपैकी ६० टक्क्यांहून जास्त मांजरं काम आटोपल्यानंतर गेली, त्यातली बरीचशी पहिल्या तीन तासांत. टेबलावर असेपर्यंत सगळ्यांचं लक्ष मांजराकडे असतं. मग ते पिंजऱ्यात जातं, अंगावर टॉवेल पडतो आणि टेबलावर पुढचा पेशंट येतो. नेमकी तिथेच नजर हटते. तेव्हा तारीख आणखी पुढे ढकलण्यापेक्षा या तीन तासांची चौकशी करा.

प्रश्न : क्लिनिकमध्ये नेमकं काय विचारायचं? डॉक्टरांना राग येईल अशी भीती वाटते.

उत्तर : चांगल्या डॉक्टरांना राग येत नाही. पहिला प्रश्न हा : दात साफ करणाऱ्या डॉक्टरांशिवाय फक्त भुलीकडे लक्ष देणारं दुसरं माणूस असेल ना? दोन्ही कामं एकाच माणसाकडे असतील तर दुसरं क्लिनिक बघा.

श्वासनलिकेत नळी घालणार का, हेही विचारा. या कामात नुसत्या मास्कवर भागत नाही. स्केलरमधून, म्हणजे किटण काढायच्या यंत्रातून, सतत पाणी उडतं आणि नळी नसेल तर ते किटणाच्या कणांसकट फुप्फुसात उतरू शकतं. मात्र मांजराची श्वासनलिका नाजूक असते. नळीभोवतीचा फुगा गरजेपेक्षा जास्त फुगवला, किंवा मशीनला जोडलेली नळी न सोडवता मांजराची कूस बदलली, तर आतून चीर पडू शकते. म्हणून फुगा थोडाथोडा, हवा गळायची थांबेपर्यंतच भरायचा आणि कूस बदलताना दर वेळी नळी मशीनपासून सोडवायची.

तोंड उघडं ठेवायला काय वापरता, हा प्रश्न फारसं कोणी विचारत नाही, पण तो जरूर विचारा. स्प्रिंगचा चिमटा जबडा पूर्ण ताणून धरतो. मांजराच्या मेंदूला आणि डोळ्याच्या पडद्याला रक्त नेणारी धमनी जबड्याच्या मागून जाते. तोंड जास्त उघडलं की ती दाबली जाते आणि मांजर आंधळं होऊन जागं होऊ शकतं, कधीकधी कायमचं. आखूड प्लॅस्टिकची नळकांडी लावून, तीही अधूनमधून काढून काम व्यवस्थित होतं.

बाकी मशीनवर काय दिसावं ते थोडक्यात : ऑक्सिजन ९५ टक्क्यांच्या वर, श्वासातला कार्बन डायऑक्साइड ३५ ते ४५ आणि रक्तदाबाची सरासरी ६० च्या वर (दोन्ही मिमी पाऱ्यात). आणि तापमान. छोटं अंग, त्यात ओलं तोंड, त्यामुळे मांजर भराभर गार पडतं. गार पडलेल्या मांजराची भूल उशिरा उतरते. गरम हवेचं पांघरूण सुरुवातीपासून हवं. शेवटी विचारा, की मांजर मान धरून नीट बसेपर्यंत आणि तापमान ३७.५ अंश सेल्सिअसच्या वर येईपर्यंत जवळ कोण असेल?

प्रश्न : उपाशी किती वेळ ठेवायचं? घरात तीन मांजरं आहेत.

उत्तर : निरोगी मोठ्या मांजराला साधारण चार ते सहा तास पुरतात, आणि पाणी निघेपर्यंत चालतं. ‘रात्री आठनंतर काही नको’ असं सांगितलं असेल तर वेळ कमी करता येईल का ते विचारा. फार वेळ उपाशी राहिलं की पोटातलं आम्ल अन्ननलिकेत चढतं. तिन्ही मांजरांच्या वाट्या उचला, नाहीतर एकाच्या वाटीत दुसरं तोंड घालणारच. मधुमेह असेल तर उपवास आणि इन्सुलिनचा डोस मनाने ठरवू नका. डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि सकाळची पहिली वेळ मागा. रक्तदाबाची गोळी त्या सकाळी द्यायची की नाही, हे औषधागणिक बदलतं, तेही विचारा.

प्रश्न : बोका बारा वर्षांचा. क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला घटक) किंचित वाढलेलं आहे, आणि हृदयात हलकी घरघर ऐकू येते असं डॉक्टर म्हणाले. भूल द्यायचीच नाही का?

उत्तर : देता येते, पण तयारीनिशी. किडनीला सगळ्यात जास्त धोका असतो भुलीत घसरणाऱ्या रक्तदाबाचा, म्हणून दर पाच मिनिटांनी रक्तदाब मोजला जाणं महत्त्वाचं. सलाईन हवं, पण बेताचं. मांजराला सर्वसाधारणपणे तासाला किलोमागे ३ मिली, म्हणजे चार किलोच्या बोक्याला जेमतेम १२ मिली. ‘किडनीसाठी चांगलं’ म्हणून भरमसाट सलाईन चढवलं आणि हृदयाचे स्नायू जाड झालेले असले, तर फुप्फुसात पाणी साठतं.

म्हणून आधी हृदयाचा इको (सोनोग्राफी) करून घ्या. घरघर असूनही हृदय चांगलं निघतं, आणि घरघर नसूनही आजारी असू शकतं. स्नायू जाड असतील तर डॉक्टर केटामाइन हे भुलीचं औषध टाळतील. सोबत रक्तदाब, थायरॉइड आणि लघवी तपासा. जबड्यात बधिर करण्याचं इंजेक्शन देणार का, हेही विचारा. दुखणं तिथल्या तिथे थांबलं की भुलीचा वायू कमी लागतो आणि रक्तदाब टिकतो. बारा वर्षांच्या बोक्यासाठी हा फरक मोठा आहे.

प्रश्न : घरी आणल्यावर काय बघायचं?

उत्तर : पहिली रात्र एका खोलीत, जमिनीवर अंथरूण घालून. उडी मारायला उंच जागा नको. दुसरी मांजरं असतील तर वेगळं ठेवा. क्लिनिकचा वास अंगाला लागलेला असतो, त्यामुळे रोजचं जोडीदार मांजरही फिस्कारतं, अंगावर धावून जातं. संध्याकाळी चमचाभर मऊ, कोमट खाणं द्या. उलटी झाली नाही तर दोन तासांनी पुन्हा थोडं. चोवीस तासांत काहीच खाल्लं नाही तर फोन करा. उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साठते आणि ते आणखी आजारी पडतं.

झोपलेलं असताना छातीची हालचाल मोजा : तीस सेकंद मोजून दुप्पट करा. मिनिटाला चाळीसच्या वर जात असेल, तोंड उघडून श्वास घेत असेल, हिरड्या पांढऱ्या किंवा निळसर पडल्या असतील, भिंतीला धडकत असेल किंवा मागचे पाय ओढत असेल, तर रात्र असली तरी लगेच न्या. मानेची कातडी फुगलेली वाटते का, तेही चार-पाच दिवस हात फिरवून बघा. बोटाखाली कुरमुऱ्यासारखं कुरकुर वाजलं, तर श्वासनलिकेतून हवा गळत असेल, तेव्हाही थांबू नका.

दुखण्यावर फक्त डॉक्टरांनी दिलेलं औषध द्या. घरातलं पॅरासिटामॉल अजिबात नको, मांजराला त्याची एक गोळीसुद्धा जीवघेणी ठरू शकते. दात काढले असतील तर साधारण दोन आठवडे, डॉक्टर सांगतील तोवर, ब्रश करू नका. मग बोटावर मांजरासाठीची पेस्ट नुसती चाटवायला द्या, आणि ती सवय झाली की वरच्या दाढांच्या बाहेरच्या बाजूपासून ब्रश सुरू करा. किटण तिथेच सगळ्यात आधी धरतं.