"देव मला भेटला" की "देवाचं दर्शन झालं"?

प्रश्न असा आलाय की चर्चमधल्या रविवारच्या उपासनेत एखाद्याला देव अगदी जवळून जाणवला तर साक्ष देताना, म्हणजे तो अनुभव मंडळीसमोर सांगताना, त्याने काय म्हणावं, दर्शन झालं, साक्षात्कार झाला की भेट झाली?

आधी "देवाशी पर्सनल एनकाउंटर झाला" हे बोलणं बंद करा. हल्ली सारखं कानावर येतं आणि दर वेळी डोकं फिरतं, मराठी माणसाला एनकाउंटर म्हटलं की पोलिसांची गोळीच आठवते, आणि भेट हा शब्द घरात असताना ते हवंय कशाला? उपासना म्हणजे जवळ बसणं हे सगळ्यांना माहितीये, ते सोडतो.

खरी मजा "दर्शनमंडप" या शब्दात आहे. बायबलातल्या निर्गमच्या पुस्तकात इस्राएल लोकांचा रानातला जो पवित्र तंबू, त्याला मराठी बायबलात दर्शनमंडप म्हटलंय. पण मूळ हिब्रूत आहे "ओहेल मोएद", ओहेल म्हणजे तंबू आणि मोएद म्हणजे नेमलेली वेळ, ठरलेली भेट, बघण्याचा त्यात संबंधच नाही! आणि ज्या धातूतून हा मोएद आला तोच अरबीत "वअद" म्हणून आहे, वचन देणे, तिथून फारसीमार्गे आपल्याकडे आला तो वायदा. हो, वायदेबाजारातलाच वायदा! हिब्रूत शब्दाच्या सुरुवातीला य असतो तिथे अरबीत पुष्कळदा व सापडतो, मुलाला हिब्रूत येलेद आणि अरबीत वलद, जुन्या कागदांत बापाच्या नावाआधी "वलद" लिहायचे तोच हा. म्हणजे दर्शनमंडप हा खरा वायद्याचा तंबू, आणि वायदा करणारा देव, "मी तिथे भेटेन" असं तोच म्हणतो.

म्हणून काही पाळक (चर्चचे धर्मगुरू) सांगतात ना, की भेट बरोबरीच्या माणसांची, देवाचं दर्शनच म्हणायचं, ते मला साफ अमान्य आहे. भाषांतरकारांनी दर्शन घातलं म्हणून मूळ बदलत नाही. साक्षात्कारात तर सरळ डोळेच आलेत, आणि त्याच निर्गमच्या पुस्तकात (33:20) देव म्हणतो की मला पाहून माणूस जिवंत राहणार नाही.

आणि मराठीची ताकद बघा, "मी देवाला भेटलो" मध्ये कर्ता मी, "देव मला भेटला" मध्ये कर्ता देव, वायदा पाळणारा तो, त्यामुळे हे दुसरं वाक्यच बरोबर. निर्गम 29:42 हिब्रूत वाचाल तर "तुम्हांला भेटेन" अनेकवचनी आहे आणि लगेच "तुझ्याशी बोलेन" एकवचनी. तो "तू" म्हणजे इस्राएल लोकांचा पुढारी मोशे असं विद्वान लगेच सांगतील, मला ते ठाऊक आहे, पण भेट सगळ्या मंडळीला आणि बोलणं एकट्याशी हे एकाच वाक्यात आलंय, आणि उपासनेत बसलेल्या माणसाला नेमकं तेच सांगायचं असतं.