सिंगापूरला चार दिवस फिरायला जातोय. मेट्रो-बससाठी वेगळं कार्ड घ्यावं लागेल का?

नाही, तुमचं व्हिसा किंवा मास्टरकार्डचं टॅप करायचं कार्डच एमआरटीच्या (इथल्या मेट्रोच्या) गेटवर आणि बसमध्येही चालतं. मी इथेच राहतो. भारतातून आलेल्या पाहुण्यांचं अडतं ते दर वेळी एकाच जागी. गेटवर कार्ड टेकवलं की लाल दिवा, आणि मागे रांग! रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमांमुळे नव्या कार्डावर परदेशातले आणि कॉन्टॅक्टलेस (टॅप करून होणारे) व्यवहार मुळात बंद असतात. निघण्याआधीच बँकेच्या ॲपमध्ये दोन्ही चालू करून ठेवा. प्रत्येकाजवळ स्वतःचं कार्ड हवं, एकावर दोघं जाऊ शकत नाहीत. बसमधून उतरतानाही टॅप करायला विसरू नका, नाहीतर शेवटच्या थांब्यापर्यंतचं भाडं कापलं जातं. फक्त एक आहे: परदेशी कार्डावर वापराच्या प्रत्येक दिवसाला ६० सेंट जादा लागतात, शिवाय तुमच्या बँकेचं परकीय चलनाचं शुल्क वेगळं. त्यामुळे आई-बाबा सोबत असतील आणि त्यांच्याकडे असं कार्ड नसेल, तर त्यांच्यासाठी सरळ स्टेशनवरून ईझी-लिंक, म्हणजे आधी पैसे भरून वापरायचं प्रवासाचं कार्ड घ्या.