एन्लार्जरचा प्रकाश कोपऱ्यांत कमी पडत असेल, तर लेन्स बदलावी का?

तुमचा एन्लार्जर (निगेटिव्हवरून कागदावर मोठी प्रिंट काढायचे यंत्र) कंडेन्सरचा, म्हणजे बल्बचा प्रकाश भिंगांनी एकवटणारा, आहे, लेन्स ५० मिमीची आहे आणि बल्ब बदलल्यापासून ३५ मिमी निगेटिव्हच्या प्रिंटचे कोपरे, त्यातही उजवीकडचे, फिकट येत आहेत (कागदाला प्रकाश कमी मिळाला की तो फिकट राहतो), असे तुम्ही लिहिले आहे. लेन्सवर खर्च करण्याआधी दोष नेमका कुठे आहे ते कागदालाच विचारावे, असे मी सुचवेन.

निगेटिव्ह न लावता, कडक ग्रेडच्या (जास्त कॉन्ट्रास्टच्या) कागदावर मध्यम राखाडी छटा उतरेल एवढेच एक्स्पोजर द्या. पूर्ण काळ्या झालेल्या कागदावर फरक दिसत नाही, आणि ईझलकडे (कागद धरणाऱ्या चौकटीकडे) नुसते पाहून अंदाज बांधण्यात अर्थ नाही, कारण मधून कडेकडे हळूहळू कमी होणारा प्रकाश डोळ्याला एकसारखाच वाटतो. ही चाचणी दोनदा घ्या: एकदा ॲपर्चर (लेन्समधले प्रकाशाचे छिद्र) पूर्ण उघडे ठेवून आणि एकदा ते लहान करून एफ/११ वर, अर्थात एक्स्पोजर त्या प्रमाणात वाढवून. ॲपर्चर लहान केल्यावर कोपरे सुधारले, तर लेन्सच कडेचा प्रकाश अडवत आहे. उलट दोष अधिक ठळक झाला, तर तो लेन्सच्या वर आहे. कंडेन्सर बल्बची प्रतिमा लेन्समध्ये पाडतो. ॲपर्चर लहान झाले की त्या प्रतिमेचा मधला भागच पुढे जातो आणि बल्ब जरासा जरी सरकलेला असला तरी ते लपत नाही.

तक्रार नव्या बल्बपासून सुरू झाली असल्याने माझा संशय त्याच्यावरच आहे. एन्लार्जरला दुधी काचेचा बल्ब लागतो, ज्याचा सबंध गोळा सारखा उजळतो. घरगुती बल्बच्या टोकावर छापलेले नाव (कंपनीची जाहिरात थेट तुमच्या प्रिंटवर!) अस्पष्ट सावली होऊन उतरू शकते, आणि एलईडी बल्बचा प्रकाश तर मूळच्या बल्बच्या उंचीवर असेलच असे नाही. योग्य बल्ब लावल्यावर, एफ/११ वरच, त्याच्या दांड्याचा स्क्रू सैल करून दांडा वर-खाली आणि आजूबाजूला थोडा थोडा सरकवा, प्रकाश सारखा पसरला की स्क्रू घट्ट करा आणि पुन्हा राखाडी कागद काढून खात्री करून घ्या. प्रिंटचा आकार बराच बदलला, तर बल्बची उंची पुन्हा पाहावी लागते.

कंडेन्सर कोणी पुसायला काढला होता का, हेही आठवून पाहा. दोन भिंगे असतील, तर सहसा त्यांच्या फुगीर बाजू एकमेकींसमोर असतात. एन्लार्जरचे डोके (बल्ब आणि लेन्स असलेला वरचा भाग) कललेले असल्याची शंका मात्र मला कमी वाटते, कारण तसे असते तर बहुधा त्या बाजूचे ग्रेनही (फिल्मचे दाणेही) अस्पष्ट झाले असते.

हे सगळे करूनही कोपरे थोडे फिकट राहतील. ५० मिमी लेन्सने आठपट मोठी प्रिंट काढताना केवळ तिरक्या कोनामुळे कोपऱ्यात मध्यभागाच्या सुमारे तीन चतुर्थांश प्रकाश पोहोचतो. ८० मिमी लेन्सने हे प्रमाण जवळजवळ ९० टक्क्यांवर जाते, पण त्यासाठी डोके बरेच उंच न्यावे लागते. कॅमेऱ्याच्या लेन्समुळे निगेटिव्हचे कोपरे बहुधा पातळ, म्हणजे प्रिंटमध्ये गडद, असतात. त्यामुळे एन्लार्जरची ही उणीव बऱ्याचदा आपोआप भरून निघते, आणि उरलेला फरक चारही कोपऱ्यांना थोडे जास्त एक्स्पोजर देऊन मिटवता येतो.