नीलदंत, जुळणी आणि जोडणी

प्रश्न असा आहे : ‘ब्लूटूथ’ला मराठीत ‘नीलदंत’ म्हणावं का, आणि ‘पेअर करणे’ला काय म्हणावं?

समास म्हणून ‘नीलदंत’ अगदी चोख आहे. नील आहे कंठ ज्याचा तो नीलकंठ, तसा नील आहे दंत ज्याचा तो नीलदंत. बहुव्रीही. मूळ नावही याच घडणीचं, कारण ते माणसाचंच आहे. दहाव्या शतकात डेन्मार्कवर राज्य करणाऱ्या हाराल्डचं ते टोपणनाव. त्यातल्या ‘निळा’ या अर्थाच्या शब्दाला जुन्या भाषेत काळपट रंगाचीही छटा होती. राजाचा एक दात किडून काळानिळा पडला होता, असं सांगतात. (‘काळंनिळं पडलं’ म्हणताना आपणही हे दोन रंग वेगळे काढत नाही.) डेन्मार्क आणि नॉर्वे आपण जिंकल्याचं या हाराल्डनं येलिंग या डेन्मार्कमधल्या गावातल्या शिळेवर कोरवून घेतलं. निरनिराळ्या कंपन्यांची उपकरणं बिनतारी एकत्र आणायची होती, म्हणून इंटेलच्या जिम कार्डाक यांना हा राजा आठवला. नाव तात्पुरतं ठेवलेलं, ते कायमचं झालं. चिन्हातही त्याचीच आद्याक्षरं आहेत : ‘ह’ आणि ‘ब’ या ध्वनींच्या रून या उत्तर युरोपातल्या जुन्या लिपीतल्या खुणा एकमेकींत गुंफलेल्या.

तेव्हा हे विशेषनाम आहे, आणि विशेषनामाचं भाषांतर करू नये असं माझं ठाम मत आहे. तसंही मराठीनं ते केव्हाच आपलंसं केलंय. दात पुल्लिंगी, पण आपण ‘माझं ब्लूटूथ लागत नाही’ असंच म्हणतो. ‘टेबल’चं ‘टेबलावर’ होतं, ‘ब्लूटूथ’ मात्र ‘फोन’सारखं सामान्यरूप न होता ‘ब्लूटूथवर’ असंच राहतं. हे कुणी ठरवून दिलेलं नाही.

‘पेअर’चं तसं नाही. ती क्रिया आहे आणि तिला मराठी शब्द हवाच. बहुतेक जण ‘जोडणे’ सुचवतात. मला तो पटत नाही, कारण इथे दोन वेगळ्या गोष्टी घडतात. दोन फोन पहिल्यांदा पेअर करायला घेतले की दोन्ही पडद्यांवर सहा आकडी संख्या उमटते. आपण ती ताडून पाहतो, सारखी असेल तर होकार देतो, आणि दोन्ही उपकरणं एकमेकांची ओळख पटवणारी किल्ली साठवून ठेवतात. हे एकदाच. पुढे जवळ आल्यावर संपर्क सुरू होतो, लांब गेल्यावर तुटतो, ते रोजचं.

पहिलीला ‘जुळणी’ म्हणावं, दुसरीला ‘जोडणी’. आकडे खरोखरच जुळलेले असतात, म्हणून शब्द नेमका बसतो. कारखान्यात सुटे भाग एकत्र बसवण्यालाही जुळणी म्हणतात हे खरं, पण संदर्भानं गोंधळ टळतो. ‘जोडी लावणे’ मी घेत नाही. एकाच फोनशी इअरफोन, घड्याळ आणि कीबोर्ड असं सगळंच जुळवलेलं असू शकतं, तिथे जोडी कसली?

हा फरक पाळला की तक्रारही नीट सांगता येते : ‘इअरफोन फोनशी जुळवलेले आहेत, पण आत्ता जोडलेले नाहीत.’ इथे दोन्हीकडे ‘जोडलेले’ घालून पाहा, वाक्य उभंच राहत नाही. ‘डिसकनेक्ट’ला ‘जोडणी तोडणे’ आणि ‘अनपेअर’ला ‘जुळणी मोडणे’ हेही त्यातूनच आपसूक मिळतं.