ड्रॅगनवाल्या डेस्कला पॉलिश मारू का?

प्रश्न: सासूबाई पूर्वी दादरला एका पारशी बाईंकडे शिवणकामाला जायच्या. त्या बाईंनी घर सोडताना एक काळपट लाकडाचं लिहायचं डेस्क त्यांना दिलं. दोन्ही बाजूला खण, मधे पाय घालायला जागा, सगळीकडे ड्रॅगन कोरलेत. चिनी राजवाड्यातलं असेल का? पॉलिशवाला म्हणतो पेपर मारून नवं करून देतो. मुलगा कॅनडाला पाठव म्हणतोय.
– एक वाचक, ठाणे

उत्तर: ताई, सगळ्यात आधी त्या पॉलिशवाल्याला फोन करून नको म्हणून सांगा, मग पुढचं वाचा. पेपर मारला की ड्रॅगनच्या खवल्यांच्या धारा जातात आणि शंभर वर्षांत लाकडावर चढलेला रंग एका दुपारीत निघून जातो, तो परत आणता येत नाही.

राजवाड्यातलं नाही हो. चिनी विद्वानाचं लिहायचं टेबल साधं असायचं, चार पाय आणि वर सपाट फळी, त्यावर शाईचा दगड आणि ब्रश. दोन्हीकडे खणांची चळत आणि मधे गुडघ्यांना जागा, ही साहेबाच्या ऑफिसातली पद्धत. १७५७ ते १८४२ पाश्चात्त्यांचा समुद्रमार्गे व्यापार फक्त चीनच्या दक्षिणेकडच्या कॅन्टन बंदरातून चालायचा, तिथले सुतार गोऱ्या गिऱ्हाइकाने दाखवलेला नमुना बघून हुबेहूब बनवून द्यायचे. १८४२ मध्ये इंग्रज आणि चीन यांच्यात झालेल्या नानजिंग तहानंतर शांघायसकट पाच बंदरं खुली झाली. असं ड्रॅगनने भरलेलं जड काम बहुतेक एकोणिसाव्या शतकाच्या शेवटचं किंवा विसाव्याच्या सुरुवातीचं असतं. परदेशी माणसाला चीन म्हटलं की ड्रॅगन हवा असायचा. म्हणून ते खोटं ठरत नाही, हात त्याच सुतारांचे, आणि मला तर हे काम फार आवडतं.

चिनीच आहे का, हे मात्र बघायला हवं, कारण आपल्या मुंबईतही तेव्हा शिसवीचं भरगच्च कोरीव फर्निचर साहेबांसाठी बनायचं आणि लोक दोन्हीत गल्लत करतात. मुंबईच्या कामात जाळीदार वेलबुट्टी जास्त. पारशी घर ही चांगली खूण आहे, मुंबईच्या पारशांचा चीनशी मोठा व्यापार होता, सर जमशेटजी जीजीभॉय स्वतः पाच वेळा चीनला जाऊन आले, पण नुसत्या त्यावरून पक्कं म्हणता येत नाही.

एक खण पूर्ण बाहेर काढा, उलटा करा आणि नाक लावून वास घ्या. आतलं लाकूड कापराच्या झाडाचं असेल तर अजूनही मंद वास येतो, कीड लागू नये म्हणून ते वापरायचे. मागच्या बाजूला टॉर्च मारा, कुठला खण कुठे बसतो हे कळावं म्हणून सुतार कधीकधी शाईने चिनी अक्षरं लिहायचे. खण सरकून सरकून खालची पट्टी झिजलेली हवी, आणि आतलं लाकूड कोरं. आतूनही बाहेरच्यासारखाच गडद रंग फासलेला असेल तर मला शंका येईल.

साफ करायला मेकअपचा मऊ ब्रश आणि कोरडं सुती फडकं बास, पाणी नको, खोबरेल तर अजिबात नको. पावसाळ्यात ओल येणाऱ्या भिंतीपासून लांब ठेवा.

आता कॅनडाचं. शंभर वर्षांहून जुनी वस्तू देशाबाहेर न्यायला १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने खासगी माणसाला मनाई आहे. त्याहून नवी असेल तर पुरातत्त्व खात्याकडून तसा दाखला मिळतो. तो हातात येईपर्यंत पॅकिंगवाल्याला बोलावू नका, आणि त्या खणाच्या मागचा फोटो मला नक्की पाठवा.