शेवटचा फवारा कधी मारला?

चि. बेटा,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. चोपड्यात रुजू होऊन महिना झाला, मेसच्या त्याच त्या बटाट्याला कंटाळलीस, आणि बाजारात "सेंद्रिय आहे का?" विचारलं की सगळेच "हो" म्हणतात, असं लिहिलंयस. म्हणणारच. त्या प्रश्नाला "नाही" म्हणून कोण गिऱ्हाईक घालवेल? तीस वर्षं कृषी सहायक म्हणून मी बांधाबांधानं हिंडलो. अजूनही बाजारात गेलो की एवढंच विचारतो, "भाऊ, शेवटचा फवारा कधी मारला? कशाचा मारला?" ज्यानं औषध टाळलंय तो लगेच सांगतो, निंबोळीपासून सुरू होतो आणि थांबत नाही. ज्यानं परवाच मारलाय तो वजनकाट्याकडे बघायला लागतो.

वांग्याचं आधी सांगतो. थंडी पडायला लागली की तू भरीत खाणारच. जळगावच्या भरिताच्या वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. फिकट हिरवं, चांगलं मोठं, बी कमी. पण शेंडे आणि फळं पोखरणारी अळी वांग्याच्या जिवावर उठलेली असते. ती एकदा आत शिरली की वरचं औषध तिच्यापर्यंत पोचत नाही, म्हणून शेतकरी धास्तीनं पुन्हा पुन्हा फवारतो. फवारणीनंतर किती दिवस तोडणी करायची नाही, ते बाटलीवर छापलेलं असतं. बाजार उद्यावर आला की ते पाळणं जिवावर येतं. संध्याकाळी फवारलेली वांगी सकाळी पाटीत भरलेली मी डोळ्यांनी पाहिली आहेत. तेव्हा मी नवा होतो, ओळखीचं घर होतं, बोललो नाही. ते आजही मनाला लागून आहे.

तापीकाठच्या एका गावातलं एक जोडपं मात्र माझ्या कायम लक्षात राहिलं. दर दोन-तीन दिवसांनी ते सुकलेले शेंडे खुडून पिशवीत भरायचे. शेतात कामगंध सापळे लावलेले, म्हणजे मादीच्या वासानं नर पतंगांना ओढून पकडणारे. पाच किलो निंबोळीची पावडर रात्रभर भिजवायची, सकाळी फडक्यातून गाळायची आणि शंभर लिटर पाणी करून फवारायची. तोडणीच्या दिवशी ती बाई ओट्यावर बसून एकेक वांगं देठ धरून फिरवून बघायची. टाचणीएवढं भोक दिसलं की वांगं बाजूच्या टोपलीत. ती टोपली खड्ड्यात पुरायची. काही दिवशी पुरायची टोपली विकायच्या टोपलीएवढी भरलेली असायची. ती बाई बाजारात दहा रुपये जास्त मागायची, तेव्हा त्या दहा रुपयांत या पुरलेल्या वांग्यांची किंमतही असायची. तू अशा माणसाशी भाव करू नकोस. दुसरीकडे कर हवा तर.

भरीत गॅसवर करू नकोस, एवढं माझं ऐक. घरमालकीणबाईंना विचार, अंगणात कपाशीच्या काड्या पेटवून देतील. साल काळी पडून वांगं लोळागोळा झालं पाहिजे. हिरवी मिरची आणि लसूणही त्याच आगीत भाजून घे. मग सगळं ठेच, मिक्सरला लावू नकोस. वरून कांद्याची पात, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप.

सोबत कळण्याची भाकरी. कळणा म्हणजे ज्वारीत सालासकट उडीद आणि खडेमीठ घालून दळलेलं पीठ. ज्वारी दादर, म्हणजे आपल्याकडची रब्बीची ज्वारी, मिळाली तर सोनं. तू बरोबर दादरच्या मुलखात आहेस. पाऊस संपताना काळ्या जमिनीत दादर पेरतात आणि ती मुरलेल्या ओलीवर वाढते. बहुतेक ठिकाणी पाणी द्यायचं काम नाही, औषधाचा खर्चही फार कोणी करत नाही. सेंद्रियची चिठ्ठी न लावता तसं पिकलेलं धान्य हवं असेल तर माझं पहिलं बोट दादरकडे जाईल. फेब्रुवारी-मार्चमध्ये ती घरात येते. तेव्हाच एखाद्या शेतकऱ्याकडून वर्षाची ठरवून घे, आणि चार पैसे आगाऊ दे. त्या दिवसांत त्याला पैशाची नड असते.

प्रमाणपत्राचं विचारलंस. सेंद्रिय मालाच्या पाकिटावर सरकारी खूण असते. शिवाय सहभाग हमीचे गट असतात, किमान पाच शेतकरी एकमेकांची शेतं तपासतात. असा गट जवळपास असेल तर त्यांच्या शेतावर जाऊन ये. नुसता कागद पाहून घरी येऊ नकोस.

दूध घेतेस तिथे एकदा धार काढताना उभी राहा. चांगलं घर एक सड वासराला सोडतं. केळी तर तुझ्या उशाशीच आहेत, हिरवी फणी आणून घरातच पिकू दे. कार्बाइडवर पिकवायला कायद्यानं बंदी आहे, तरी पिकलेल्या ढिगावर काय झालंय ते ओळखायच्या भानगडीत तू कशाला पडतेस? हॉटेलात शेवभाजी खुशाल खा, फक्त रस्सा मटणाच्याच भांड्यातला नाही ना, हे आधी विचार. त्यात लाजायचं काही नाही.

पावसाळ्यात सातपुड्यातून पावरा आदिवासी बाया कर्टुली आणि तरोट्याची भाजी घेऊन येतात. या वर्षी ते हुकलं. उन्हाळ्यात मात्र बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, चुकवू नकोस. तीन दिवस भिजवलेली ज्वारी, पहाटे चुलीवर शिजवलेली, आणि खाटेवरच्या ओल्या फडक्यावर बायका भराभर थापत असतात. गल्लीत कोणाकडे बिबडे असले की हात लावायला जा. वाटीभर गरम चीक, म्हणजे तेच शिजलेलं पीठ, हातात येईलच, आणि कोणाच्या घरचं काय चांगलं असतं ते त्या दोन तासांत कळेल.

डिसेंबरच्या एखाद्या रविवारी अमळनेरला ये. काकूनं कळणा दळून ठेवलाय. वांगी तू आण, तिथल्या बाजारातून, विचारून.

तुझा,
काका