[ $1 > 80 ] ही अट कायम खरीच का ठरते?

तुम्ही विचारलंय की डिस्क ८० टक्क्यांच्या वर गेली तरच मेल जावा म्हणून बॅश स्क्रिप्टमध्ये [ $1 > 80 ] अशी अट घातली ($1 म्हणजे स्क्रिप्टला दिलेला पहिला आकडा, इथे डिस्क किती टक्के भरली तो), पण आकडा ३५ असला तरी मेल जातोच.

आधी एक करा. स्क्रिप्ट ज्या फोल्डरमधून चालवता तिथे एलएस (फाइलींची यादी दाखवणारी कमांड) मारून बघा. 80 नावाची एक रिकामी फाइल दिसेल. ती तुमच्याच स्क्रिप्टने बनवली आहे.

इथे > म्हणजे 'पेक्षा मोठं' नव्हे, 'आउटपुट या फाइलमध्ये टाक'. आणि [ दिसायला कंस असला तरी ती एलएस, सीपीसारखीच एक कमांड आहे, म्हणून तर तिच्यानंतर स्पेस सोडावीच लागते. शेल (कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम, इथे बॅश) ओळ वाचतं, > 80 स्वतःकडे काढून घेतं, फाइल उघडतं. कमांडच्या हाती उरतं फक्त [ $1 ], म्हणजे 'इथे काही मजकूर आहे का?' ३५ हाही मजकूरच. अट खरी, मेल रवाना.

आकड्यांच्या तुलनेसाठी > च्या जागी -जीटी (अर्थात इंग्रजी अक्षरांत) लिहा. किंवा बॅशमध्येच चालवायचं असेल तर (( $1 > 80 )), तिथे > खरोखर गणितातलं असतं. डीएफच्या (डिस्क किती भरली ते सांगणाऱ्या कमांडच्या) आउटपुटमधलं % चिन्ह मात्र आधी काढा. आणि कोणी [[ $1 > 80 ]] सुचवलं तर ऐकू नका. फाइल बनत नाही म्हणून ते बरोबर वाटतं, पण तिथली तुलना शब्दकोशासारखी, अक्षराअक्षराने होते. त्या हिशोबाने ९ हा ८० पेक्षा मोठा आणि १०० लहान. डिस्क पूर्ण भरेल आणि नेमका तेव्हाच मेल जाणार नाही.

तुमच्या पुढच्या ओळीची मला जास्त काळजी वाटते: अट && मेल || 'सगळं ठीक' असं लॉगमध्ये. हे इफ-एल्स नाही. && आधीची कमांड यशस्वी झाली, म्हणजे ० परत आला, तर पुढे जातं; || अपयश आलं तर. शेलमध्ये दोघांचा मान सारखाच, डावीकडून उजवीकडे. म्हणजे डिस्क भरली, मेल पाठवायला गेलं आणि मेल सर्व्हरच बंद असला, तर लॉगमध्ये 'सगळं ठीक' उमटेल. तिथे सरळ इफ-दॅन-एल्स-फाय लिहा, चार ओळी वाढल्या तरी चालतील.

&& एकटं मात्र जरूर वापरा. जुने लॉग उडवायला मी एकदा सीडी (फोल्डरमध्ये जाणारी कमांड) आणि आरएम (फाइली उडवणारी) यांच्यामध्ये ; टाकलं होतं. फोल्डरचं नाव बदललेलं, सीडी फसलं, पण ; ला त्याचं काही नसतं; आरएम जिथे उभं होतं तिथेच चाललं. दोन दिवसांचं काम गेलं. && असतं तर ओळ तिथेच थांबली असती.

अट दुरुस्त केली की ती 80 फाइलही काढून टाका. परत आली, तर कुठेतरी अजून एक > राहिलंय.